अनुस्वार नसलेले अण्णा

पालघर,
माघ वद्य षष्ठी

राजमान्य राजश्री कृष्णकांतराव यांस, आपल्या भगिनीच्या यजमानांचा पालघर मुक्कामाहून साष्टांग नमस्कार.

मिरजेत सर्वांची प्रकृती उत्तम असेल, वहिनींचा गुडघा जिना चढू लागला असेल आणि आपली सतार पुन्हा माळ्यावर गेली असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही उभयता खुशाल आहोत. (या पत्रात ठिकठिकाणी गाळलेले अनुस्वार शोधू नयेत. जे उच्चारात ऐकू येत नाहीत ते लिहू नयेत असा नवा नियम होऊन काही वर्षे झाली, आणि आम्ही शाळामास्तर हुकुमाचे ताबेदार आहोत. आपले तीर्थरूप अण्णा असते तर हे पत्र त्यांनी फोडून, अनुस्वार घालून, मला परत पाठवले असते.)

आरंभीच एक गंभीर तक्रार नोंदवणे भाग आहे. गेल्या दिवाळीत आपण मला गजराचे घड्याळ म्हणून जी वस्तू धाडलीत, ते घड्याळ नसून घड्याळाचे चित्र आहे. काटे फिरतात, वेळही बरोबर दाखवतात, परंतु टिकटिक नाही आणि गजर तर मुळीच नाही. ज्याला वाजता येत नाही त्या गजराला गजर का म्हणावे? आकाशपुष्प, वांझेचा पुत्र आणि सशाचे शिंग यांच्या पंगतीला मी आता आपला गजर बसवला आहे. स्टेशनजवळच्या घड्याळजीकडे नेले तर त्याने ते उघडले, मिटले, स्वतःच्या कानाला लावले, माझ्या कानाला लावले आणि मिशांतल्या मिशांत काहीतरी पुटपुटला. घड्याळ ठणठणीत आहे असे तो म्हणाला, असे वत्सलेने मागाहून सांगितले. दुसऱ्याकडे नेले, तोही तेच म्हणाला. पालघरात घड्याळजी थोडे, पण त्यांची एकी फार. अर्थात माझे काही अडत नाही. गजराशिवायही मी रोज पहाटे ठरल्या वेळी जागा होतो. नेमक्या त्याच वेळी वत्सला माझ्या खांद्याला हात लावून शेजारी चहाचा पेला ठेवते, हा निव्वळ योगायोग.

तक्रारीवरून आठवले. इकडची माणसे अलीकडे फार हळू बोलू लागली आहेत. मी याची पुष्कळ कारणे शोधली. आधी वाटले खारी हवा घशाला बाधत असेल. मग ध्यानात आले की हा तारापूरच्या प्रकल्पाचा परिणाम असावा. अणूची कामे गुप्त असतात असे कळल्यापासून बोईसरपासून पालघरपर्यंत लोकांनी भाजीचे भावसुद्धा कुजबुजत सांगायला सुरुवात केली आहे. शाळेत मुलांची तीच तऱ्हा. मी त्यांचे पाठांतर आता ओठांवरून ताडतो. यात व्याकरण फार उपयोगी पडते. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण स्वच्छ दिसतात, पण क, ख, ग, घ हे कंठ्य वर्ण घशात दडून बसतात, तिथे पंचाईत. परवा वर्गाने 'रामः रामौ रामाः' म्हणून सुरुवात केली आणि पुढे मान डोलवत काय म्हटले कोण जाणे. मी 'शाबास' म्हणालो. दाराशी आमचे हेडमास्तर उभे होते. ते रात्रभर झोपले नाहीत असे वत्सलेला त्यांच्या मंडळींनी सांगितले, कारण मुले माझ्या साक्षीने वाटाण्याची सर्व विभक्तिरूपे चालवत होती. चैत्रात तपासनीस यायचे आहेत, ते वर्गात मागच्या बाकावर बसून प्रश्न विचारतात म्हणे. विचारोत. मी ओष्ठ्य प्रश्नांची उत्तरे देईन.

तर आता मुख्य वृत्तांत. कृष्णकांतराव, आपला मेहुणा मृतात्म्यांचा मध्यस्थ झाला आहे. हसू नका. निदान पुढचे पान वाचेपर्यंत हसू नका.

सुरुवात माकुणसारच्या हंसेपासून झाली. ही बाई आमच्या दारी भाजी घेऊन येते. वाडीतली केळी, वाल, पडवळ, जे निघेल ते. एका सकाळी मी पडवीत 'रघु' हातात घेऊन बसलो असता (महाकाव्य नव्हे, शेजाऱ्यांचा बोका, त्याचे नाव रघु आहे) ती आली आणि डोईवरची टोपली सावरत काहीतरी विचारती झाली. रोज ती टोपली कुठे उतरवू असेच विचारते, म्हणून मी नित्याप्रमाणे म्हणालो, "तिकडे, केळीच्या बुंध्याशी." ती भाजी न विकताच पळत सुटली. दुसऱ्या दिवशी येऊन तिने मला दंडवत घातला आणि दोन माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "मास्तर, तुमी देव हाव का कोन हाव? माजी बुगडी केळीखालीच गावली! सासूची बुगडी! घरात माजं तोंड कालं झालं होतं!" वस्तुस्थिती अशी की त्या दिवशी तिने टोपलीबद्दल नव्हे, हरवलेल्या बुगडीबद्दल विचारले होते. केळीच्या वाडीत दिवसभर राबणाऱ्या बाईची कानातली बुगडी केळीखाली सापडावी यात चमत्कार तो काय? पण खुलासा करण्यापूर्वीच तिने टोपलीतले सगळे वाल माझ्या पायांवर ओतले होते, आणि वालाच्या बिरड्यापुढे सत्यनिष्ठा टिकवणे कठीण असते, हे आपण जाणताच.

ही वार्ता खंडेराव निकमांच्या कानी गेली. हे साताऱ्याकडचे निवृत्त फौजदार. चिरंजीव प्रकल्पावर नोकरीला लागले म्हणून इकडे येऊन राहिले आणि करमेना म्हणून त्यांनी 'पालघर परलोकविद्या संशोधन मंडळ' काढले. उभी हयात जिवंत गुन्हेगारांच्या जबान्या घेण्यात गेली, तेव्हा उरलेली मृतांच्या घेण्यात घालवावी असा त्यांचा सरळ हिशेब. मंडळाला अध्यक्ष होता, सतरंजी होती, पेट्रोमॅक्स होती, फक्त ज्याच्या अंगी आत्मे उतरावेत असा माणूस नव्हता. मी होकार का दिला असे आपण विचाराल. एकच कारण. कवायतीच्या मैदानावर तयार झालेला हा गळा आहे. साऱ्या पालघर तालुक्यात खंडेराव हा एकच इसम मला स्वच्छ मराठी बोलणारा भेटला. त्यांच्याशी गप्पा मारून मी घरी येतो तेव्हा जगात सर्व काही जागच्या जागी आहे असे वाटते. (ते आमच्या पडवीत बोलले की पलीकडच्या आळीतले लोक उत्तर देतात, अशी वत्सलेची तक्रार आहे. बायकांना वक्तृत्वाची पारख नसते.)

मग माझे शिक्षण सुरू झाले. पहिला पाठ त्राटकाचा. समईच्या ज्योतीकडे पापणी न हलवता पाहायचे. मला डोळ्यांत पाणी आले आणि वत्सलेला वाटले मी माहेरच्या आठवणीने रडतो आहे. (कुणाच्या माहेरच्या, ते तिने सांगितले नाही.) दुसरा पाठ मन रिकामे करण्याचा. हे मला अजून साधलेले नाही. एक विचार काढावा तर त्याच्या मागे त्याची सातही विभक्तिरूपे तिन्ही वचनांत उभी. लसूण वर्ज्य केला, कांदा वर्ज्य केला. मुगाची खिचडी खाऊन अंगात आत्मा येण्याऐवजी आहे तोच जाईल की काय असे वाटू लागले. पण तिसरा पाठ आला आणि मी एका दिवसात वरच्या वर्गात गेलो. खंडेरावांनी विचारले, "मास्तर, एकांतात बसल्यावर आतून काही नाद येतो का?" मी म्हणालो, येतो की. डाव्या बाजूने सतत येतो. गेले वर्षभर येतो. खंडेराव ताडकन उठून उभे राहिले आणि त्यांनी मला सलाम ठोकला. हा अनाहत नाद! साधक हिमालयात जाऊन जन्म घालवतात आणि तुम्हाला तो पालघरात घरबसल्या मिळाला! आता, जुन्या जाणत्यांनी नादाची चढण सांगितली आहे ती अशी, की आधी समुद्र, मग ढोल, मग घंटा, मग वेणू आणि शेवटी भ्रमर. माझी चढण रातकिड्यापासून निघून सध्या प्रायमसच्या स्टोव्हपर्यंत आली आहे. परंतु शास्त्र जुने आणि स्टोव्ह नवा, तेव्हा पूर्वसूरींना दोष देता येत नाही.

पहिली मोहीम बोईसरला झाली. तिथे प्रकल्पाच्या कामावर आलेला आनंदा नावाचा एक गवंडी कोल्हापूरकडचा. त्याने भाड्याने घेतलेल्या पत्र्याच्या खोलीत दिवेलागणीला कुणीतरी वर पत्र्यावर थापा मारते, अशी त्याची फिर्याद. खंडेराव, मी, आनंदा आणि शेजारचे चारदोन कामगार असे सतरंजी टाकून बसलो. मला मधोमध बसवून डोळे मिटायला सांगितले. मी मिटले. बरे वाटले. दुपारची झोप झाली नव्हती. काही वेळाने डोळे उघडतो तो खोलीत मी एकटा. सतरंजीचा एक कोपरा दाराकडे ओढला गेलेला, आणि एक चप्पल. मला वाटले सभा संपली, म्हणून शिस्तीने सतरंजी घडी करून बाहेर आलो. बाहेर सगळे कंदिलाखाली एकमेकांना धरून उभे. आनंदा पुढे झाला आणि माझ्या तोंडापाशी तोंड आणून म्हणाला, "मास्तर, येवढा पत्रा बडीवला त्येनं, छप्पर आता खाली येतंय म्हनलं, आन् तुमास्नी भ्या वाटलं न्हाई व्हय?" मी विचारले, कोणी बडवला? यावर एक उत्तरेकडचा कामगार हात जोडून म्हणाला, "पंडितजी के सामने तो वो कुछ है ही नहीं." झाले. त्या दिवसापासून मी निर्भय ठरलो. स्थितप्रज्ञाची लक्षणे मी आजवर वर्गात शिकवत आलो, ती अंगी बाणवायला इतके कमी कष्ट पडतात हे ठाऊक नव्हते. (जाताजाता मी वर पाहिले. माडाची एक वाळली झावळी पत्र्यावर लोंबत होती आणि वारा सुटला होता. खंडेरावांना सांगितले तर ते म्हणाले, झावळी हे हत्यार झाले, आरोपी कोण ते सांगा.)

इथवर वत्सलेने मंडळाला भजी आणि टोमणे यांखेरीज काही पुरवले नव्हते. गेल्या रविवारी मात्र खंडेराव आनंदाला घेऊन दुपारचे आमच्याकडे आले, आज माझ्याकडून एखादा ओळखीचा आत्मा आणवायचा म्हणाले, तेव्हा ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि सतरंजीवर माझ्यासमोर येऊन बसली. "आमच्या अण्णांना बोलवा," ती म्हणाली. हे तिचे वाक्य मला पहिल्या झटक्यात कळले. अण्णांच्या नावाचा तिच्या तोंडून उच्चार होतो तेव्हा तो डोळ्यांनाही ऐकू येतो.

पाटावर मी चिठ्ठ्या मांडल्या. मुळाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या, उकार. आणि येणारा आत्मा कोण हे ध्यानात घेऊन अनुस्वाराची एक ठसठशीत चिठ्ठी खास अण्णांच्या उजव्या हाताला पडेल अशी ठेवली. आपल्याला स्मरत असेल, लग्न ठरण्यापूर्वी मी आपल्या घरी पाठवलेल्या पहिल्या पत्रात 'नाहीं'वरचा एक अनुस्वार राहिला होता. अण्णांनी कळवले, मुलगी देतों, पण मुलानें अनुस्वार जपावे. त्यांना अनुस्वार सोडायला सांगणे म्हणजे शेंडी सोडायला सांगणे. ते नवे नियम होण्याच्या पुष्कळ आधी गेले, हीच देवाची दया.

वाटी उपडी ठेवली. तिच्यावर खंडेराव, आनंदा, वत्सला आणि मी अशी चौघांची बोटे. खंडेरावांनी जबानी सुरू केली. नाव? वाटी हलली, 'अण्णा'. बापाचे नाव? राहणार? धंदा? वाटीने या चौकशीची दखल घेतली नाही. अण्णांनी तरी कधी घेतली असती? मग ती आपणहून चालू लागली. ऐ. क. त्याला दीर्घ उकार. ये. त. ना. ही. 'ऐकू येत नाही.'

खंडेरावांना एवढेच पुरे होते. आत्म्याला ऐकू येत नाही! दूरचा मामला आहे! त्यांनी छाती भरून घेतली आणि वाटीवर वाकून गर्जना केली, "अण्णाऽऽ! आता येतंय काऽऽ?" आनंदानेही हाक दिली, "आवो आन्नाऽऽ!" वाटी पुन्हा शांतपणे 'ऐकू येत नाही' म्हणाली. ते दोघे आणखी ओरडले. हंसा पडवळ घेऊन आली होती ती टोपलीसकट आत आली आणि कशासाठी ते न विचारता तीही ओरडू लागली. शेजारी कुंपणाशी जमले. रघु (बोका) कौलांवर गेला तो सोमवारी उतरला. आणि कृष्णकांतराव, त्या गदारोळात मी मात्र अगदी सुखात होतो. वर्षभरात प्रथमच भोवतालची माणसे व्यवस्थित बोलत होती. शेवटी वाटी आणखी एकदा निघाली. 'दाखवा.' काय दाखवा? खंडेराव विचारात पडले, मग त्यांनी कोटाच्या खिशातून सरकारने दिलेला आपला बिल्ला काढला आणि वाटीसमोर अदबीने धरला.

मी वाटीकडे पाहत नव्हतो. अनुस्वाराच्या चिठ्ठीकडे पाहत होतो. वाटी दोनदा तिच्या शेजारून गेली, 'ऐकू' म्हणाली, 'नाही' म्हणाली, आणि तिच्याकडे वळलीसुद्धा नाही. 'ऐकूं' नाही, 'नाहीं' नाही. हे अण्णा नव्हते. स्वर्गातच काय, नरकात घातले तरी अण्णांनी 'नाही' बोडके लिहिले नसते. बरे, उकार मात्र चोख दीर्घ. आनंदाला अक्षर येत नाही. खंडेराव अजून पंचनाम्याच्या भाषेत 'कांहीं एक नाहीं' लिहितात. नवे नियम मुखोद्गत असलेले बोट त्या वाटीवर दोघांचेच होते. एक माझे, आणि मी ढकलत नव्हतो. दुसरे, गेली चार वर्षे माझ्याबरोबर बसून मुलांचे शुद्धलेखन तपासणाऱ्या बाईचे.

मी मान वर केली. ती माझ्याकडेच पाहत होती. आणि मला आठवले, की गेले वर्षभर ती कामाचे काही बोलायचे झाले तर चुलीपासून उठून माझ्या समोर येऊन बोलते. मला वाटे तिचे पाय दुखतात म्हणून ती फेऱ्या घालते. किती वेळा तिने हे सरळ सांगितले असेल! पण 'कान' हा शब्द पडला कंठ्य. तो मला कोणाच्या तोंडी कधी दिसलाच नाही. (आणि दिसला असता तरी मी तो खाण, पान, मान असा काहीतरी सोयीचा वाचला असता, हेही लिहून टाकतो.)

मी खंडेरावांना म्हणालो, आत्मा गेला. आनंदाने नमस्कार केला. हंसेने पडवळ ठेवले. वत्सलेने चिठ्ठ्या गोळा केल्या, वाटी सुलटी करून धुतली आणि तिच्यात मला लिंबाचे लोणचे वाढले. या विषयावर आम्हा उभयतांत अद्याप एक अक्षरही बोलणे झालेले नाही. संसार म्हणजे तरी दुसरे काय? जे लिहिले जात नाही पण असते, आणि जे लिहिले जाते पण उच्चारात येत नाही, त्यांचाच तर हा समास.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

आपला,
भालचंद्र

ता. क. आपले घड्याळ काल मी दातांत धरून पाहिले, टिकटिक दातांना लागली. चालते. उत्तम चालते. घड्याळजींबद्दल वर जे लिहिले ते मागे घेतो. नमस्कार साष्टांग आहे तोही खरा आहे. आठ अंगांत प्राचीनांनी कान मोजलेले नाहीत, ही त्यांची दूरदृष्टी.

ता. क. २. मिरजेत डॉक्टर मुबलक आहेत, त्यांपैकी कानांचा एखादा चांगला पाहून ठेवावा. अण्णांचे श्राद्ध फाल्गुनात येते. त्यासाठी मुलगी आणि जावई यांनी यावेच, असे एक कडक पत्र आपण मला शाळेच्या पत्त्यावर पाठवावे, म्हणजे रजा मिळेल आणि तपासनीस येण्यापूर्वी काय ते कळेल. खंडेरावांना खरे कारण कळता कामा नये. मी बरा झालो तर त्यांचे मंडळ बंद पडेल.

ता. क. ३. पत्र चिकटवता चिकटवता उरलेले लिहितो. नोकरीची मला फारशी धास्ती नाही, वाटाण्याची रूपे मुले बिनचूक चालवतात. पण वत्सला संध्याकाळी माझ्या मागे बसून निवडटिपण करताना काहीतरी बोलत असते, आणि मी अधूनमधून 'हो' म्हणत असतो. आमचे लग्न झाल्यापासून हे असेच चालले आहे. एखाद्या संध्याकाळी ती बोलायची थांबेल आणि मी 'हो' म्हणतच राहीन, याची मला भीती वाटते.